सोबती आणि शिडी : गिरणगावातला एक जुना पेच



आम्ही कामगार-चळवळीतले. शाळा सातवीत सुटली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते संघटनेच्या कचेरीतल्या बाकावर व सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा इतिहासावर बोलण्याचा आमचा अधिकार किती, हे आपण व्याख्यान संपल्यावर ठरवावे. एवढेच सांगतो, की ज्या प्रश्नाचा इतिहास आज मांडणार आहोत तो आम्ही पुस्तकांत मागाहून वाचला. आधी तो अंगावरून गेला होता.

प्रश्न असा आहे. दहा-बारा वर्षांचे मूल असते. ज्यांच्याबरोबर ते गोट्या खेळले, ज्यांच्याबरोबर नळावर पाण्याला उभे राहिले, त्यांना सोडून गेल्याखेरीज त्याला बरे दिवस दिसणार नाहीत अशी एक वेळ येते. दूरची शाळा असते, वसतिगृह असते, नाहीतर शहाणा काका असतो. एकीकडे सोबती, दुसरीकडे पुढचे आयुष्य. मुलाने काय करावे? घरातली वडील माणसे म्हणतात, "मित्र काय, पुन्हा मिळतील." कथा-कादंबऱ्या सांगतात, की बालपणाच्या मैत्रीसारखे दुसरे काही नाही. दोन्ही पक्ष हा त्या मुलाच्या मनाचा प्रश्न समजतात. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. हा पेच मुलाच्या मनात उगवत नाही. तो ठरावीक काळात, ठरावीक कायद्यांनी आणि पगाराच्या दरांनी तयार झालेला आहे, आणि तो सोडवण्याचे प्रयत्नही माणसांनी केलेले आहेत. मुंबईच्या गिरणगावात हे फार स्पष्ट दिसते. म्हणून तिथलाच दाखला घेऊ.

गावगाड्यात असा पेच सहसा नव्हता. सुताराचा मुलगा वाकस हाती घेई, कुणब्याचा नांगरामागे जाई, आणि ज्यांच्याबरोबर ओढ्यात पोहला त्यांच्याबरोबरच म्हातारा होई. या स्थितीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ज्याला जातीने वेशीबाहेर ठेवले त्याचे सोबतीही वेशीबाहेरचेच असत. निवड नव्हती म्हणून पेच नव्हता, इतकेच.

मग गिरणी आली. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ती गिरणी चालू झाली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ हा सारा भाग धुराड्यांनी भरून गेला. रत्नागिरीकडून आणि घाटावरून माणसे आली, आणि माणसांबरोबर पोरेही आली. ही पोरे शाळेत गेली नाहीत. ती गिरणीतच गेली.

त्यांचा हिशेब कायद्याच्या पुस्तकात सापडतो. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास काम! ही सुधारणा होती, हे लक्षात घ्यावे. १८९१ च्या कायद्याने किमान वय नऊ झाले आणि चौदापर्यंतच्या मुलांना सात तास ठरले. १९११ मध्ये कापडगिरण्यांत मुलांना सहा तास झाले. १९२२ मध्ये किमान वय बारा आणि १९४८ च्या कायद्याने चौदा. सातावरून चौदावर यायला ६७ वर्षे लागली. या पोरांना अर्ध्या वेळेची पोरे म्हणत. त्रासनखात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या खात्यात, भरलेल्या बॉबिनी काढायच्या आणि रिकाम्या लावायच्या, हे त्यांचे काम. बोटे लहान असतात म्हणून ते त्यांना चांगले जमे, असे सांगितले जाई.

आता त्या पोरांच्या बाजूने पाहा. चाळीतले सगळे सोबती एकाच भोंग्याला उठत आणि एकाच दरवाजाने आत जात. तिथे मैत्री आणि भवितव्य यांत भांडण नव्हते, कारण भवितव्य सर्वांचे ठरलेलेच होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारी आयोगापुढे ठेवले. आठवड्यातून एक दिवस सुटी ही त्यातली मुख्य मागणी. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी कबूल केली. आपण या सुटीकडे विश्रांती म्हणून पाहतो. पण गिरणीतल्या दहा वर्षांच्या पोराला तो आठवड्यातला एकच असा दिवस होता, की ज्या दिवशी सोबत्याला यंत्राच्या आवाजाशिवाय ऐकता येई.

पेच उभा राहिला तो पुढे, रात्रशाळा आणि शिष्यवृत्त्या आल्यावर. तो का तीव्र झाला हे समजण्यासाठी गिरणगावात सोबत्याची किंमत काय होती, हे पाहिले पाहिजे. तिथे मैत्री ही करमणुकीची वस्तू नव्हती. गिरणीत भरती मुकादमाच्या शब्दावर होई, आणि मुकादमापर्यंत शब्द पोचवी तो गाववाला. सकाळी दरवाजावर बदलीला उभे राहायचे. काम मिळाले तर मिळाले, नाहीतर परत. १९३५ साली बदली कामगारांच्या नोंदीची पद्धत आली तरी अनिश्चितता गेली नाही. राहायला गावकीची खोली, तीत पाळीपाळीने झोपणारी पंधरा-वीस माणसे. जेवायला खानावळ, आणि खानावळीण उधारीवर वाढी ती ओळखीच्या भरवशावर. १९२८ साली सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर होते. हे सहा महिने कोणाच्या बळावर काढले? संघटनेच्या धान्याइतकेच वाण्याच्या वहीवर, गावाकडच्या भातावर आणि शेजाऱ्याच्या पिठावर. सोबती म्हणजे गरिबाचा विमा होता. त्या विम्याचा हप्ता म्हणजे सोबत राहणे. जो शिकायला बाहेर पडला त्याने तो हप्ता भरणे थांबवले, असे मागे राहणाऱ्यांना वाटे. सदरा इस्त्रीचा घातला की पोरे "आला साहेब" म्हणून ओरडत, त्याचे मूळ नुसत्या मत्सरात नाही. एक भिडू कमी झाला याची ती भीती होती.

दुसऱ्या बाजूला शिडी किती अरुंद होती तेही पाहू. परळच्या कामगार वस्तीत, डबक चाळीतल्या एका खोलीत, सुभेदार रामजींचे कुटुंब राहत होते. त्यांचा मुलगा भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाला. अस्पृश्य समाजातल्या मुलाने ही परीक्षा उतरणे इतके विरळ होते, की त्याच्या सत्काराची सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते, आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. पुढे केळुसकरांच्याच खटपटीने सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एक मुलगा, एक सत्पुरुष शिक्षक, एक उदार राजा, असे तीन योग जुळले तेव्हा एक माणूस वर गेला. त्या चाळींत बुद्धीची दुसरी मुले नव्हती काय? होती, योग नव्हते.

बाबासाहेबांनी नंतर काय केले, हा आमच्या विषयाचा गाभा आहे. अमेरिका आणि इंग्लंड करून आलेला हा विद्वान परळच्याच चाळीत राहिला. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तिची कचेरी परळच्या दामोदर हॉलमध्ये. आणि पुढच्याच वर्षी सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तिथे नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग भरत. स्वतः ज्या शिडीने एकटे चढले ती शिडी रुंद करण्यात त्यांनी आयुष्य घातले. तरीही १९५६ साली आग्ऱ्याच्या सभेत त्यांनी शिकलेल्यांविषयी खेद बोलून दाखवला: ही माणसे वर जातात आणि समाजाला विसरतात. म्हणजे शिडी रुंद केली तरी चढणारा मागे वळून पाहीलच, याची हमी नसते.

ही हमी कशी निर्माण करावी याचा विचार आपल्याकडे जुना आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा चालवली. दिवसाचे काम आणि दिवसाचे सोबती न सोडता शिकता यावे, ही त्यातली योजना. १९११ साली नारायण मल्हार जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि कामगार वस्तीत रात्रशाळा व वाचनालये काढली. दोन साचेवाले शेजारी शेजारी बसून बाराखडी गिरवीत, आणि सकाळी पुन्हा शेजारच्याच साच्यावर उभे राहत. साताऱ्याला भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये वसतिगृह काढले. तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राबत, एकत्र जेवत. घरचे सोबती सुटले तर तिथे नवे जोडून मिळत, आणि तेही ताटाला ताट लावून.

हा प्रश्न आपल्याच मुलखाचा आहे असेही नाही. इंग्लंडात ऑक्सफर्डला १८९९ साली कामगारांसाठी रस्किन कॉलेज निघाले. १९०९ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी, म्हणजे खाणींतून व रेल्वेतून आलेल्या कामगारांनी, संप केला. निमित्त प्राचार्यांच्या बडतर्फीचे. पण मुळातला वाद हा, की शिकून आम्ही साहेब व्हायचे की शिकून परत आपल्या माणसांत जायचे? त्यांतून वेगळे मजूर महाविद्यालय उभे राहिले. पुढे १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर तिथे अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची निरनिराळ्या शाळांत वाटणी होऊ लागली. एकाच गल्लीतली दोन पोरे दोन वेगळ्या रंगांच्या टोप्या घालून दोन दिशांना जाऊ लागली. रिचर्ड हॉगर्ट यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात अशा शिष्यवृत्तीवाल्या मुलाचे वर्णन केले आहे. तो ना घरचा राहतो ना तिथला होतो. १९६२ मध्ये जॅक्सन आणि मार्सडेन या दोघांनी हडर्सफील्ड या गिरण्यांच्या गावातील अशा ८८ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो वाचताना आम्हाला परळ आठवले. फरक इतकाच, की तिथे परीक्षा सर्वांची झाली. आपल्याकडे ती नशिबावर होती.

आता स्वतःचे सांगतो. त्याखेरीज हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले. आमचे वडील साचेवाले. आम्ही तेव्हा सातवीत होतो. मजल्यावर आमच्या वयाचे पाचजण. दिवसा शाळा, संध्याकाळी गल्लीत चेंडू, रात्री गॅलरीत ओळीने अंथरुणे. पहिले दोन महिने आम्हा पोरांना संप म्हणजे सणच वाटला, कारण वडील माणसे घरी होती. मग एकेका घरातली भांडी मोडीत जाऊ लागली. उन्हाळ्यात शाळेतले एक मास्तर घरी आले. घाटावरच्या एका वसतिगृहात फुकट राहण्या-जेवण्याची सोय त्यांनी मिळवली होती. म्हणाले, "जागा एकच आहे. वर्गात तुम्ही दोघे सारखे. पण आधी तुला विचारतो."

वडील काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "जा." आम्ही "नाही" म्हटले. सोबत्यांना सोडून जाणार नाही, असे कारण सांगितले आणि ते चाळीत फार वाखाणले गेले. पुढे कितीतरी वर्षे आम्ही ते कारण सभांतूनसुद्धा अभिमानाने सांगत होतो. पन्नाशी ओलांडल्यावर खरे सांगायला हरकत नाही. निम्मे कारण भीतीचे होते. अनोळखी जागा, अनोळखी पोरे, आणि आपण सारखे आहोत असे मास्तर म्हणतात ते तिथे खोटे ठरले तर? मैत्रीच्या नावावर आम्ही ती भीती झाकली.

ती जागा आमच्या सोबत्याला मिळाली. तो गेला.

ज्यांच्यासाठी आम्ही राहिलो त्यांचे काय झाले? संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही; तो विरत गेला. १९८३ मध्ये सरकारने १३ गिरण्या ताब्यात घेतल्या. कित्येकांना कामावर परत घेतले नाही. मजल्यावरच्या एकाचे कुटुंब खोली विकून गावी गेले, ते कायमचे. दुसरा भाजीबाजारात हमाली करू लागला. पहाटे जाई, रात्री येई, गॅलरीत दिसेनासा झाला. तिसरा वाईट माणसांच्या संगतीला लागला, आणि त्याने तिशी पाहिली नाही. तीन वर्षांत आमची ओळीने पडणारी अंथरुणे संपली. सोबत्यांसाठी आम्ही थांबलो, आणि सोबती थांबू शकले नाहीत. आमचीही शाळा त्याच वर्षी सुटून आम्ही एका छापखान्यात कागद उचलायला लागलो होतो. म्हणजे दोन्ही गेले. हे आम्ही तक्रार म्हणून सांगत नाही. हिशेब म्हणून सांगतो. जिथे पायाखालची जमीनच सरकते आहे, तिथे मुलाने जागचे न हलणे ही निष्ठा ठरते, पण त्याने काही राखले जात नाही.

गेलेला सोबती इंजिनियर झाला. दहा-बारा वर्षांनी एकदा चाळीत आला. खाटेच्या कडेवर बसला, चहा घेतला, आणि पाच-दहा मिनिटांत आमचे बोलणे संपले. कोण कुठे आहे हे विचारून झाले. पुढे शब्द सुचेनात. तो उठताना आम्ही जिन्यापर्यंत गेलो. तिथे अंधारात तो म्हणाला, "मास्तरांनी आधी तुला विचारले होते, ते मला ठाऊक होते. पहिल्या वर्षी वर्गात पहिला आलो तेव्हा वाटले, हा नंबर तुझा आहे. त्यानंतर तुला पत्र लिहायचा धीर झाला नाही, रे."

इतकी वर्षे आम्ही समजत होतो, की तो आम्हाला विसरला. तो विसरला नव्हता. त्याला लाज वाटत होती. आणि आम्हीही त्याला पत्र घातले नव्हते, कारण आम्हाला राग होता. एका जागेने दोन मुलांना असे तोडले. मास्तर देवमाणूस होते, त्यांना दोष नाही. वसतिगृहाने तर एका पोराला अन्न दिले. पण कोणीही विचारले नाही, की दोन मुले सारखी आहेत तर जागा एकच का?

आणखी एक कबुली. आतापर्यंत आम्ही मुलगे-मुलगेच बोलत आलो. आमच्या मजल्यावर मुलीही होत्या. त्यांतली एक गणितात आम्हा दोघांच्याही पुढे होती. मास्तर तिच्या दाराशी गेले नाहीत, आणि तेव्हा आम्हाला त्यात काही चुकले असेही वाटले नाही. ज्यांना पेचसुद्धा मिळाला नाही त्यांचा इतिहास अजून लिहायचा आहे.

या सगळ्याचा निष्कर्ष काय? आमच्या अल्पमतीला तीन गोष्टी दिसतात. पहिली, जो जातो त्याला कृतघ्न म्हणू नये. त्याच्या जाण्यात घराची भूक असते. दुसरी, जो राहतो त्याला साधू करू नये. राहण्यात प्रेम असते, तशी भीतीही असते, आणि दोहोंचे प्रमाण त्याचे त्यालाच ठाऊक. तिसरी महत्त्वाची. बारा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न विचारावा लागणे, हीच समाजाची उणीव आहे. संघटनेत आम्ही एक साधी गोष्ट शिकलो. मालक जेव्हा एकट्याला बोलावून बढती देऊ करतो, तेव्हा त्या माणसाचे चारित्र्य तपासण्यापेक्षा सगळ्यांचा दर वाढवून मागावा. शिक्षणातही तेच आहे.

२००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण हा हक्क झाला. १८८१ च्या सात वर्षांपासून इथवर आलो, हे लहान काम नव्हे. पण आमच्या गोष्टीतला पेच आता चौदाव्या वर्षानंतर गाठतो, जिथे हक्क संपतो आणि पुन्हा योग सुरू होतात.

आम्ही ज्या वस्तीत काम करतो तिथे कंत्राटी सफाई कामगारांची घरे आहेत. अलीकडे तिथली एक मुलगी कचेरीत आली. दहावीनंतर दूरच्या एका वसतिगृहात तिला जागा मिळत होती. बरोबरची मैत्रीण इथेच राहणार होती. मुलगी म्हणाली, "काका, जाऊ का नको?" आमच्या तोंडी उत्तर आले होते, "जा." ते गिळले. त्याऐवजी तिच्या मैत्रिणीची गुणपत्रिका मागवली. मग त्या वसतिगृहाकडे खेटे घातले. चार अर्ज, दोन शिफारशी, आणि एका सदस्याच्या घरी दीड तास बसणे. दुसरी जागा मिळाली. दोघी एकाच गाडीने गेल्या. पुढे त्या परत येतील की नाही, आम्ही विचारले नाही.

या सभागृहात शाळांचे चालक आहेत, वसतिगृहांचे विश्वस्त आहेत, शिष्यवृत्तीला देणगी देणारे सज्जन आहेत. त्यांना आमची एवढीच विनंती आहे. एका वस्तीतून एकच मूल उचलू नका. दोन उचला, जमले तर तीन. खर्च वाढेल, हे आम्ही जाणतो. पण एकटे मूल जे ओझे घेऊन शिडी चढते, तोही कोणाच्या तरी वहीत खर्चच असतो.